विंचवाचे बिऱ्हाड आणि वाढता उन्हाळा



गेल्या अंकात वाड्यांवरील पाण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर दोघातिघा वाचकांनी निरोप पाठवला की, हवामान बदलामुळे विषारी विंचवांचा प्रदेश सरकणार अशी बातमी वाचली. तर आपण ज्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर जातो तिथे याचा काय अर्थ? प्रश्न चांगला आहे, पण एका वाक्यात उत्तर देता येईल असा नाही. म्हणून या तिमाहीचा अभ्यासलेख विंचवावर. मी परिचारिका आहे. रायगड जिल्ह्यातील वाड्यांवर फिरत्या दवाखान्याबरोबर बरीच वर्षे जाते. विंचवाचे शास्त्र मी वाचून शिकले, पण विंचू चावलेले मूल कसे दिसते ते वाडीवरच पाहिले.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी माणसाचा जीव घेऊ शकणाऱ्या फारच थोड्या. आपल्याकडे लोकांना दोन विंचू चांगले माहीत आहेत. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा. त्याला आपण इंगळी म्हणतो. दुसरा तांबूस, चणीने लहान, नांग्या बारीक आणि शेपूट मात्र जाड. इंगळीला पाहून माणूस किंचाळतो, पण जीवाला धोका त्या लहान तांबड्यापासून असतो. एका वाडीवरच्या आजीने मला हे पहिल्याच भेटीत सांगितले होते. "बाय, काळा दिसाया मोठा, पर मारतो तो तांबडा." जगभर लागू पडणारा ढोबळ नियमही हाच: जाड नांग्यांचा विंचू भक्ष्याला नांगीनेच चिरडतो, त्याला जहाल विषाची गरज कमी, बारीक नांग्यांच्या विंचवाची सारी भिस्त विषावर. या तांबड्या विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो ब्यूथस किंवा मेसोब्यूथस टॅम्युलस या नावाने सापडेल. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू, एवढा त्याचा पसारा आहे.

विंचू अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. पांढुरकी, मऊ पिल्ले आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण यावरूनच आली. (पिल्ले आईला खाऊन टाकतात, हा समज मी मंडळीतल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे. तसे काही नाही. पाठीवर पिल्ले असलेली विंचवी पुढेही जगते.) ही म्हण लेखात पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

विंचू थंड रक्ताचा. शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून. दिवसभर तो फटीत, दगडाखाली, सालीखाली दडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याची भूक फार थोडी. कीटकांच्या मानाने त्याचे शरीर अगदी मंद आचेवर चालते, त्यामुळे काही महिने उपाशी राहूनही तो जगतो. त्याच्या कवचावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे अंगातले पाणी सहज उडून जात नाही. म्हणून कोरडा, दगडाळ, तापणारा प्रदेश हे त्याचे घर. पवित्र शास्त्र लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. अनुवादाच्या आठव्या अध्यायात विंचू येतो तो निर्जल भूमीच्या वर्णनात. आणि गणनेच्या चौतिसाव्या अध्यायात दक्षिण सीमेवर जी अक्रब्बीमची चढण आहे, तिच्या नावाचा अर्थच विंचवांची चढण. म्हणजे विंचू कुठे असतो यावरून जागा ओळखायची, ही रीत फार जुनी आहे.

आता विषाकडे येऊ, कारण विष समजल्याशिवाय पुढची चर्चा पोकळ राहील.

आपल्या मज्जातंतूंवर अगदी सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम आणि पोटॅशियम आतबाहेर करतात आणि त्यामुळेच संदेश पुढे जातो. लाल विंचवाचे विष काही दारे उघडीच ठेवते आणि काही बंद करून टाकते. परिणाम असा की मज्जातंतू थांबायलाच तयार नाहीत. शरीरात भीतीच्या वेळी सुटणारी रसायने एकदम पुराच्या लोंढ्यासारखी सुटतात. दरदरून घाम येतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. मुलग्यांत लघवीच्या जागेला ताठरता येते; लाजेने आई हे सांगत नाही, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ही महत्त्वाची खूण आहे. पुढे हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते, आणि गुलाबी फेसाचा खोकला सुरू झाला की वेळ फार थोडा उरतो. एकनाथ महाराजांच्या विंचवाच्या भारुडात घामाचा उल्लेख आहे. भारूड अध्यात्माचे आहे, पण लक्षण अगदी बरोबर आहे.

एक गोष्ट वाडीवर सगळ्यांना उलटी वाटते. जो खूप ओरडतो, ज्याचा हात नुसता आगीसारखा जळतो पण बाकी काही होत नाही, तो बहुधा वाचतो. ज्याची कळ थोडी किंवा लवकर थांबली आणि जो घामाने भिजून गप्प पडला, त्याला घेऊन पळायचे. "आता शांत झोपलाय" असे म्हणून अंगणात ठेवलेले मूलच सर्वांत जास्त धोक्यात असू शकते.

हे सगळे ज्ञान कुठल्या परदेशी प्रयोगशाळेतून आलेले नाही. ते आपल्याच महाडमधून आले. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबातले. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तिथे विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत फुप्फुसात पाणी भरून जात होती. त्यांनी रुग्णांजवळ बसून एकेक लक्षण टिपले आणि ती निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आली. मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून पाहिली. ही गोळी विषाने उसळलेल्या रसायनांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अडवते. १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये छापून आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसपर्यंत दगावत. आता वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण एकाच्या आसपास आले आहे. पुढे विंचवाची लसही आली. २०११ साली डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ७० रुग्णांची तुलना मांडली: लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या ३५ पैकी ८. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आपल्या तरुण संघात कोणाला आदर्श म्हणून कोणाची गोष्ट सांगायची असा प्रश्न पडला, तर ही सांगा.

म्हणजे औषध आहे, आणि ते महाग नाही. तरी मूल का दगावते? उशिरामुळे. हवामानाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तोही इथेच. विंचू कुठे आणि केव्हा निघतो हे बदलले, तर औषध कुठे आणि केव्हा हवे हेही बदलते.

शास्त्रज्ञ विंचवाच्या भावी प्रदेशाचा नकाशा कसा काढतात, ते सांगते. समजा एका प्रदेशात शंभर ठिकाणी विशिष्ट जातीचा विंचू सापडला. त्या शंभर जागांची माती, पाऊस, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची उष्णता, उंची हे सारे संगणकाला देतात. संगणक ताडून सांगतो की या विंचवाला अमुक गुणांची जागा मानवते. मग पुढल्या तीस-पन्नास वर्षांतले अपेक्षित तापमान आणि पाऊस घालून विचारतात, तेव्हा अशा जागा कुठे असतील? उत्तर नकाशावर रंगून येते. आयर्लंडमधील गॅलवे विद्यापीठाच्या आणि मोरोक्कोतल्या संशोधकांनी मध्य मोरोक्कोत असाच अभ्यास केला, आणि वाचकांनी पाहिलेली बातमी बहुधा त्या धर्तीची असावी. त्यांना एक गोष्ट ठळकपणे दिसली: बहुतेक जातींच्या बाबतीत सर्वांत जास्त वजन पडले ते मातीच्या प्रकाराला. काही जातींचा वावर मात्र तापमानावर जास्त ठरत होता.

हा मातीचा मुद्दा कोकणातल्या वाचकाला लगेच पटेल. हापूसला जांभ्याची, निचऱ्याची जमीन लागते. उद्या कोकणासारखी उष्ण दमट हवा दुसरीकडे गेली, म्हणून हापूस काळ्या मातीत आपोआप जाऊन उभा राहणार नाही. हवा सरकते, जमीन सरकत नाही. विंचवाचेही तसेच. त्याला दडायला फटी हव्यात: जांभा, मुरूम, दगडगोट्यांचा उतार, शेताच्या बांधावरचा गडगा. चिखलाच्या सपाट खाचरात त्याला घर नाही, हवा कितीही मानवली तरी. शिवाय तो उडत नाही आणि फार लांब चालतही नाही. नकाशावर एखादा तालुका रंगला म्हणजे दहा वर्षांत तिथे विंचू पोचला, असा अर्थ काढू नये. जागा मानवेल एवढेच नकाशा सांगतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा फरक हरवतो आणि लोक उगाच घाबरतात.

मग विंचू नव्या ठिकाणी पोचतो कसा? माणूस पोचवतो. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ब्राझीलचे. तिथल्या पिवळ्या विंचवाच्या मादीला नराची गरज नसते. एकटी मादी पिल्ले देते. लाकूडफाटा, बांधकामाचे सामान, मालगाड्या यांतून एक मादी शहरात आली की वसाहत सुरू. गटारे, झुरळे आणि उष्णता यांनी तिची सोय केली. २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत ब्राझीलमध्ये विंचूदंशाच्या ११ लाखांहून अधिक नोंदी झाल्या आणि वार्षिक आकडा सुमारे १५५ टक्क्यांनी वाढला. संशोधक त्याची कारणे देताना बेशिस्त शहरवाढ आणि हवामान बदल ही दोन्ही एकत्र मोजतात, आणि मला वाटते ते योग्यच आहे. दुसरे उदाहरण जवळचे. आपलाच लाल विंचू श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफनाच्या भागात सापडल्याची पहिली शास्त्रीय नोंद २०१३ मध्ये झाली. मधे समुद्र आहे, आणि विंचू तो पोहून गेला असे कोणी म्हणत नाही.

तिसरी घटना इजिप्तची. नोव्हेंबर २०२१ मध्ये अस्वान या वाळवंटी शहरात अवेळी गारांचा मुसळधार पाऊस झाला. बिळांत पाणी शिरले, विंचू वस्तीत आले आणि सुमारे ५०० जणांना दंश झाले. वाळवंटाचा नकाशा एका रात्रीत बदलला नव्हता. बदलला होता तो पावसाचा स्वभाव.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून आता रायगडकडे पाहू. माझे मत आधीच सांगते: आपल्याकडे विंचवाच्या नकाशापेक्षा विंचवाच्या पंचांगाची काळजी जास्त करायला हवी.

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. ऐकायला हे थोडे वाटते. पण सरासरी ही एखाद्या घरच्या सरासरी जेवणासारखी असते. कोणाच्या पानात किती पडले ते तीतून कळत नाही. माणगावजवळच्या भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंशांची नोंद झाली. त्या आकड्याविषयी तेव्हा शंकाही काढल्या गेल्या, पण त्या आठवड्यात तिथल्या वाड्यांवर ज्यांनी काम केले त्यांना आकड्याची फारशी गरज वाटणार नाही. पावसाचे म्हणाल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्राचा मोठा भाग येणाऱ्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस वाढला नाही. तो एकदम पडू लागला.

विंचवाच्या दृष्टीने याचा अर्थ असा. रात्र लवकर आणि जास्त गरम होऊ लागली की त्याचे मंद शरीर चपळ होते, तो जास्त वेळ बाहेर राहतो, जास्त शिकार करतो. दिवसा मात्र कातळ इतका तापतो की तोही टिकत नाही आणि गारव्याच्या शोधात निघतो. उन्हाळ्यात वाडीवर गारवा कुठे असतो? मडक्याखाली, न्हाणीच्या दगडाजवळ, शेणाने सारवलेल्या जमिनीत, कुडाच्या भिंतीच्या बुडाशी, गवताच्या छपरात. आणि माणूस? तोही गारव्याच्या शोधात त्याच वेळी घरातून अंगणात, खाटेवरून जमिनीवर आलेला असतो. दोघांना एकच जागा हवी असते. मग पाऊस एकदम कोसळला की बिळे भरतात, गडग्यांतून पाणी वाहते आणि विंचू उंच, कोरड्या जागी चढतो, म्हणजे पुन्हा घरातच. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडाले, तळियेची दरड त्याच आठवड्यातली. अशा वेळी तात्पुरत्या निवाऱ्यात, ओल्या सामानाच्या ढिगांमध्ये, जमिनीवर झोपणाऱ्या माणसांची संख्या एकदम वाढते. विंचवाकडे तेव्हा कोणाचे लक्ष नसते, आणि ते समजण्यासारखे आहे.

पण पूर आणि लू या वरचेवर बातमीत येणाऱ्या गोष्टी झाल्या. कातकऱ्यांच्या बाबतीत त्याहून साधी आणि दरवर्षीची गोष्ट आहे, आणि 'बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मला तिथे आठवते. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी कातकरी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. स्वतःची जमीन फार थोड्यांकडे. दिवाळी झाली की मालकाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, भांडीकुंडी आणि पोरे घेऊन, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर घर म्हणजे कच्च्या विटा एकावर एक रचून वर पेंढा किंवा ताडपत्री टाकलेली खोपी. विटांना गिलावा नाही, फटी मोकळ्या. शेजारी तुसाचा ढीग, लाकडाचा ढीग, मोडक्या विटांचा ढीग. विंचवासाठी मुद्दाम घर बांधायचे ठरवले तर याहून चांगले बांधता येणार नाही. पहाटे तीन-चारला, ऊन तापायच्या आत, वीट थापायला सुरुवात होते; अंधारात, अनवाणी, हात विटांच्या फटीत. उन्हाळा जितका कडक, तितके काम रात्रीकडे सरकते. दुपारी काम करणे अशक्य झाले की माणूस रात्री काम करतो, आणि रात्र ही विंचवाची वेळ. माझ्या मते हवामान बदलाने माणूस आणि विंचू यांना जवळ आणण्याची ही वाट नकाशावरच्या रंगांपेक्षा महत्त्वाची आहे, आणि तिची मोजदाद कोणत्याच नकाशात होत नाही.

वाडीत मागे राहिलेल्यांनाही काम चुकत नाही. राबासाठी कवळ तोडणे, पालापाचोळा हाताने गोळा करणे, काजूच्या बिया पानांखालून वेचणे, मोळी बांधून डोक्यावर आणणे, आणि पावसानंतर भातकापणी, पेंढ्याची उडवी. सगळी कामे हात फटीत किंवा पाल्यात घालण्याची. बायका आणि मुले यांत पुढे. मुलाचे वजन कमी आणि विषाची मात्रा तीच, म्हणून दंश मुलाला जास्त भोवतो.

चिरेखाणीचाही उल्लेख करायला हवा. कोकणातला चिरा ट्रकने घाटावर जातो, शहरांच्या कुंपणांना लागतो. जाफना आणि ब्राझीलची गोष्ट वाचल्यावर चिऱ्यांच्या ट्रककडे मी वेगळ्या नजरेने पाहते, एवढेच म्हणते.

अभ्यासगटांतून नेहमी विचारले जाते, मग करायचे काय. वाडीवर आम्ही जे सांगतो तेच इथे लिहिते. दंश झाला की चिरा देऊ नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. भगताकडे जायचे नाही असे मी फटकारून सांगत नाही, कारण तसे सांगितले की लोक लपून जातात आणि आणखी वेळ जातो. एका वाडीतले भगतबाबा वयाने आणि मानाने मोठे आहेत. त्यांना मी सांगितले, "बाबा, तुम्ही फुंकर घाला, पण घाम आला, ओकारी आली की मंतर गाडीत बसून म्हणा." ते हसले, पण त्यानंतर दोनदा त्यांनी स्वतःच पोराला गाडीत घातले आणि सोबत आले. भगताच्या तोंडून "दवाखान्यात न्या" आले तर वाडी ऐकते. माझ्या तोंडून आले तर विचार करते.

दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि डॉक्टरांना सांगावी. मुलाला चालवू नये, उचलून न्यावे. प्राझोसिन डॉक्टरांनीच द्यायची. गोळी घेतल्यावर रुग्णाला उठून बसवले किंवा उभे केले तर रक्तदाब एकदम खाली येतो, म्हणून आडवेच ठेवावे लागते. घरी ठेवून देण्यासारखे ते औषध नाही. १०८ ची गाडी वाडीच्या शेवटच्या चढापर्यंत येत नाही, म्हणून झोळी कोण धरणार, रस्त्यापर्यंत कोण नेणार, रात्री कोणाची दुचाकी मिळेल, हे उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच ठरवून ठेवलेले बरे.

बचावाच्या गोष्टी साध्या आहेत. झोपायला जमिनीपासून हातभर उंच माच, अंथरूण झटकण्याची सवय, सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून लांब, भिंतींच्या बुडाशी फटी बुजवणारा गिलावा, पायांत काहीतरी. यांपैकी प्रत्येकीला पैसे लागतात, थोडे का होईना, आणि भट्टीवरच्या खोपीला गिलावा करण्याची जबाबदारी मजुराने आपली समजावी अशी अपेक्षा करणे मला पटत नाही. खोपी ज्याच्या जागेवर आहे त्याच्याशी बोलावे. काही मालक ऐकतात. एकाने खोप्यांपासून विटांचे ढीग वीस पावलांवर हलवले आणि प्रत्येक खोपीत माचासाठी बांबू दिले.

आणखी एक साधन आम्ही गेल्या दोन वर्षांत वापरतो. नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी बाजारात मिळते. अंधारात तिच्या झोतात विंचू हिरवट-निळा चमकतो. त्याच्या कवचाचाच तो गुण आहे. (नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, म्हणून झटकणे सोडायचे नाही.) मुलांना हा खेळच वाटतो. एका भट्टीवर मोठ्या मुलींनी रोज रात्री झोपण्याआधी खोपी फिरून पाहायचे काम घेतले आणि किती दिसले ते वहीत लिहू लागल्या. मारायचे नाही, हाताने धरायचे नाही; लांब चिमट्याने डब्यात घालून दूर माळावर सोडायचे, कारण तो झुरळे आणि किडे खातो, आणि सगळेच तांबडे नसतात. त्या वहीत तारीख, वेळ, काळा की तांबडा, आणि कुठे दिसला एवढेच असते. पण तीन उन्हाळ्यांच्या अशा वह्या जमल्या, तर तांबडा विंचू फेब्रुवारीत निघू लागला की मार्चमध्ये, हे आपल्याला आपल्याच मुलींच्या अक्षरात दिसेल, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध कोणत्या महिन्याच्या आधी हवे ते त्या वह्या दाखवून विचारता येईल.

यंदा दिवाळीनंतर ज्या सात भट्ट्यांवर आमचा फिरता दवाखाना जाणार आहे, तिथे प्रत्येकी दोन बॅटऱ्या आणि एक वही द्यायची आहे. वह्या आहेत. बॅटऱ्या अजून चार कमी पडतात.